बुबुळं नाचतात, मेंदूचा एमआरआय मात्र नॉर्मल

प्रश्न : मुलगी दीड वर्षाची. सर्दी-तापानंतर झोकांड्या जायला लागल्या, हात झटके देतात, रात्रभर किरकिर असते. आता बुबुळंही सैरभैर फिरतात. मेंदूचा एमआरआय आणि लघवीची तपासणी दोन्ही नॉर्मल. ‘विषाणूमुळे तोल गेलाय, बरं होईल,’ असं सांगितलंय. वाट पाहावी का?

उत्तर : नको. विषाणूनंतर गेलेला तोल बहुधा दोन-तीन आठवड्यांत सावरू लागतो, आणि त्यात बुबुळं अशी नाचत नाहीत. दोन्ही डोळे एकदम, वाटेल त्या दिशेला, मध्ये क्षणभरही न थांबता उडत असतील तर तो ऑप्सोक्लोनस. झोपेत मिटलेल्या पापणीखालीही ही वळवळ दिसते. पण ती लाटेसारखी येते-जाते आणि तपासणीच्या पाच मिनिटांत नेमकी दडून बसते. म्हणून चेहऱ्याजवळून मोबाइलवर व्हिडिओ घ्या. एक झोपेतला, एक खेळणं उचलतानाचा.

डोळे, झटके आणि तोल यांचं हे त्रिकूट 1962 साली मार्सेल किन्सबोर्न यांनी मांडलं. अशा लहान मुलांपैकी साधारण निम्म्यांत न्यूरोब्लास्टोमाची, म्हणजे मज्जापेशींच्या कर्करोगाची, गाठ सापडते : मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत किंवा मणक्यालगत छाती-पोटात. गाठ मेंदूत शिरलेलीच नसते. तिच्याविरुद्ध पेटलेली प्रतिकारशक्ती चुकून मेंदूवरही हल्ला करते, त्यामुळे मेंदूचा एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो! गाठ छोटी असल्याने लघवीतलं व्हीएमए-एचव्हीए (अशा गाठीतून बाहेर पडणारी द्रव्यं) हेही बरेचदा वाढत नाही. मानेपासून ओटीपोटापर्यंत एमआरआय किंवा सीटी करायला सांगा. काहीच दिसलं नाही तर काही महिन्यांनी पुन्हा. मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ दोघंही सोबत हवेत.

प्रश्न : याच आजारात मुलाची न्यूरोब्लास्टोमाची गाठ काढली, कंपही थांबला होता. परवा ताप आला आणि पुन्हा झटके सुरू झाले. गाठ उलटली का?

उत्तर : बहुधा नाही, तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. गाठ निघाली तरी चेतलेली प्रतिकारशक्ती शांत होत नाही. ताप आला किंवा स्टिरॉइड कमी केलं की ती उसळते. म्हणूनच स्टिरॉइडबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, रिटुक्सिमॅब वगैरे प्रतिकारशक्ती शांत करणारी औषधं देतात. स्टिरॉइड स्वतःहून अचानक बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. हे उपचार चालू असताना गोवरासारख्या जिवंत लशी विचारल्याशिवाय टोचायच्या नाहीत. आणि चालणं सुधारलं म्हणून वाचा-उपचार सोडू नका, बोलणं आणि शिकणं मागाहून अडतं.