दुसरा येणारा रिगो इतका लाडका कसा?

प्रश्न : मुलाच्या मोबाइलवर सारखे कोलंबियाच्या रिगोबेर्तो उरान या सायकलपटूचे व्हिडिओ चालू असतात. या माणसाने 'तूर द फ्रान्स' ही फ्रान्समधली मोठी सायकल शर्यत एकदाही जिंकलेली नाही. 2019 साली ती जिंकणारा एगान बेर्नाल त्याच्याच देशाचा, मग लोक रिगोच्या मागे का? सगळी जाहिरातबाजी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जाहिरात आहेच. रिगोचा स्वतःचा 'गो रिगो गो' हा कपड्यांचा ब्रँड आहे, हौशी सायकलवाल्यांसाठी 'जिरो दे रिगो' ही राइड तो भरवतो. दुकान मांडलंय म्हटल्यावर ओरडणार कोण? पण जाहिरात माणूस एकदा बघतो. रिगोला परत परत बघतात ते त्याच्या बोलण्यासाठी.

शर्यत संपल्यावर सायकलपटूसमोर माइक धरा. 'टीमने साथ दिली, पाय बरे होते, उद्याचं उद्या बघू.' संपलं. इतकी वर्षं ऐकून मला ते पाठ झालंय. रिगो मात्र आंतिओकिया प्रांतातल्या उर्राओ या आपल्या गावची बोली जशीच्या तशी घेऊन येतो, शिव्यांसकट. बेर्नालचेही चाहते कमी नाहीत, पण त्याचं कौतुक करतात. रिगोशी लोक घरच्यासारखी थट्टा करतात.

यामागे दुखणंही आहे, ते कोलंबियात सगळ्यांना ठाऊक आहे. 2001 मध्ये निमलष्करी टोळीने त्याच्या वडिलांना मारलं. ते लॉटरीची तिकिटं विकायचे. चौदा वर्षांच्या रिगोने तोच धंदा धरला, आई आणि बहीण त्यावर जगल्या. पुढे त्याच्या आयुष्यावर टीव्ही मालिका आली, 2023 मध्ये. अशा माणसाने रडगाणं गायलं असतं तरी लोकांनी ऐकलं असतं. हा हसवतो.

हरण्याचंही तसंच. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शेवटच्या काहीशे मीटरांत त्याने मान वळवून मागे पाहिलं, तेवढ्यात दुसऱ्या बाजूने कझाकस्तानचा विनोकुरोव्ह निसटला. रिगोला रौप्य. 2013 आणि 2014 च्या जिरो द'इतालियात, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीतही दुसरा. 2017 च्या तूरमध्ये विजेत्या ख्रिस फ्रूमच्या मागे अवघे 54 सेकंद! माझ्या मते दर वेळी जिंकला असता तर तो इतका आपला वाटला नसता.

मुलाबरोबर बघायचंच तर त्याच तूरचा 9 जुलैचा, शाँबेरीला संपणारा टप्पा काढा. माँ द्यू शा घाटाच्या उतारावर रिची पोर्ट आणि डॅन मार्टिन पडले, त्या गडबडीत रिगोच्या सायकलचं मागचं डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, मोडलं. गिअर उरले जेमतेम दोन. तशाच सायकलवर त्याने अखेरची स्प्रिंट मारली. फ्रान्सच्या वारेन बार्गिलला तर विजेता समजून कॅमेऱ्यासमोरही उभं केलं होतं. फोटो तपासला तेव्हा कळलं, चाक रिगोचं पुढे होतं. मुलाखती मात्र मुलाने स्पॅनिश शिकायच्या आत दाखवून घ्या.