शिजवलेल्या हळदीत स्टार्चचे कण का दिसत नाहीत?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील बारावीची विद्यार्थिनी आहे. बटाट्याचा खरवडलेला गर आयोडीन घालून पाहिला, तेव्हा स्टार्चचे निळेजांभळे, अंडाकृती कण स्पष्ट दिसले. घरच्या हळकुंडांची पूड मात्र ४०० पट वर्धनाखाली पाहिली, तर नुसते पिवळे गोळे दिसले. आयोडीनने ते हिरवट काळे पडले, पण एकही कण सुटा दिसला नाही. चूक सूक्ष्मदर्शकाची की स्लाइडची?

उत्तर : दोन्हींची नाही. तुमच्या सूक्ष्मदर्शकाचे ४० पटीचे ऑब्जेक्टिव्ह भिंग सुमारे ०.४ मायक्रोमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दाखवू शकते, आणि स्टार्चचा कण त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. कारण शेतातल्या काहिलीत आहे. बटाट्याचा गर कच्चा होता. हळकुंड मात्र वाळवण्याआधी शिजवलेले असते.

हळदीच्या कंदातील मूल ऊतीच्या (अन्न साठवणाऱ्या साध्या ऊतीच्या) पेशी आपल्या अवर्णलवकांत, म्हणजे रंगहीन लवकांत, स्टार्च कणांच्या रूपात साठवतात. पाण्यात हे कण साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की त्यांच्यातील रेणूंची नेटकी रचना मोडते, ते पाणी शोषून फुगतात आणि पेशीभित्तिकेच्या आतच एकमेकांत मिसळून त्यांची खळ होते. ती वाळली, की पेशीच्याच आकाराचा गोळा उरतो; तोच तुम्ही पाहिला. स्टार्चमधील अमायलोज या घटकाच्या साखळ्या त्यात असतातच, म्हणून आयोडीनचा निळा रंग चढतो, आणि खालच्या कुर्कुमिनच्या, म्हणजे हळदीच्या रंगद्रव्याच्या, पिवळेपणामुळे तो हिरवट भासतो. पूड आधी स्पिरिटमध्ये ढवळून निथळून घेतली, तर कुर्कुमिन बरेचसे निघून जाते व निळा रंग खुलतो.

काढणीच्या दिवसांत ओली हळद मिळाली, की ब्लेडने तिचा शक्य तितका पातळ छेद घ्या आणि आधी तो नुसत्या पाण्यात पाहा. रंग सगळीकडे सारखा नसून विखुरलेल्या काही पेशींतच गडद साठलेला दिसेल. शिजवताना तो सर्वत्र पसरतो. हे दृश्य फार सुंदर असते, ते पाहिल्याशिवाय आयोडीन घालू नका. मग कव्हर स्लिपच्या कडेला अगदी सौम्य आयोडीनचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या, म्हणजे चपटे कण एकेक उमटतील. त्याच कंदाची चकती पाऊण तास उकळून तिचाही छेद शेजारी ठेवा.

विकतच्या पुडीत सुटे, अखंड कण दिसले, तर तांदळासारख्या दुसऱ्या पिठाची भेसळ असू शकते. परंतु न शिजवता, काप करून वाळवलेल्या हळदीतही कण अखंडच राहतात, म्हणून कणांचा आकार ओल्या हळदीतील कणांशी ताडून पाहिल्याशिवाय भेसळीचा निष्कर्ष काढू नये.