स्पाउस व्हिसावर अमेरिकेत पहिल्यांदा जाताना कुठल्या विमानतळावर उतरावं?

जिथून पुढे दुसरं विमान पकडावं लागणार नाही आणि नवरा गाडी घेऊन येऊ शकेल, तिथे उतरा. नणंद कुठे राहते हे सगळ्यात शेवटी बघा.

तुम्ही म्हापशाच्या, नवरा ओहायोत कोलंबसला, सीआर-१ व्हिसा (नागरिकाच्या जोडीदाराला कायम राहायला मिळतो तो) हातात, न्यूयॉर्कचं जेएफके, शिकागो की अबू धाबीमार्गे असा प्रश्न, आणि सासरचे म्हणतात जेएफकेच घे कारण नणंद न्यायला येईल. ही शेवटची ओळ वाचली आणि लिहायला बसलो. मी साखळीचा. बायको अमेरिकन नागरिक, पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गला नर्स आहे. तिच्या अर्जावर मी गेलो. मुलगी नवऱ्याकडे जायला निघाली की आमच्याकडे फक्त कधी निघणार ते विचारतात. मुलगा बायकोकडे निघाला तर अख्खं घर त्याचा मार्ग ठरवायला बसतं.

माझ्या काकांनी सगळी नोकरी बहारीनला केली. घरात विमानाचा विषय निघाला की शब्द त्यांचा. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो. काकांनी ठरवून टाकलं: कोकणकन्येने मुंबई, तिथून थेट न्यूयॉर्क, मुलगा न्यायला येईल, आठवडाभर त्याच्याकडे राहायचं आणि मग तो मला हॅरिसबर्गला पोचवून येईल. कारण काय, तर नवरा माणूस एकटाच बॅगा ओढत बायकोच्या दारात उभा राहिला तर लोक काय म्हणतील, सोबत आपल्या घरातलं कोणी तरी हवं. वर हेही की ज्या राज्यात उतरशील तिथली तुझी नोंद होते, आणि न्यूयॉर्कची नोंद असलेली बरी.

अशी कुठलीही नोंद होत नाही. व्हिसावर उतरण्याच्या विमानतळाचं नाव नसतं. व्हिसाची मुदत संपायच्या आत देशातल्या कुठल्याही प्रवेशाच्या ठिकाणी तुम्ही जाऊ शकता. ग्रीनकार्ड टपालाने येतं ते तुम्ही अर्जात दिलेल्या पत्त्यावर, मग उतरा कुठेही. पत्ता बदलला असेल तर तिथल्या अधिकाऱ्याला तेव्हाच सांगा.

काकांशी खरा वाद झाला तो तारखेवरून. तुम्ही तारखेचं काहीच विचारलेलं नाही, पण विमानतळापेक्षा ती मोठी गोष्ट आहे. अमेरिकेत पाऊल ठेवता त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर सीआर-१, म्हणजे दोन वर्षांचं सशर्त कार्ड. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवराबायकोने मिळून आय-७५१, म्हणजे कार्डाची अट काढून घ्यायचा अर्ज, भरायचा, फी भरायची, एकत्र संसार असल्याचे कागद जोडायचे. दोन वर्षं पूर्ण झालेली असतील तर आयआर-१, थेट दहा वर्षांचं कार्ड. मोजतात तो प्रवेशाचा दिवस. व्हिसा छापला त्या दिवशी काय होतं याला अर्थ नाही.

आता आपल्या गोव्यातली गोष्ट. आपल्याकडे कायद्याने लग्न लागतं ते सिव्हिल रजिस्ट्रारकडे. एकदा जाऊन इरादा नोंदवायचा, नोटीस लागते, मग पुन्हा जाऊन सह्या करायच्या. अक्षता पडतात त्या सोयीने, मागेपुढे. आमच्या सह्या आधी झाल्या आणि हॉलमधलं लग्न पुढे काही महिन्यांनी, कारण बायकोला रजा तेव्हा मिळाली. माझा व्हिसा आला तेव्हा सह्यांना दोन वर्षं व्हायला थोडेच आठवडे उरले होते. काका मोजत होते अक्षतांपासून. त्यांच्या हिशेबाने दोन वर्षं व्हायला अजून खूप अवकाश होता, तेवढ्यात व्हिसाच संपला असता, तेव्हा थांबण्यात काय हशील? मी विवाहाच्या दाखल्यावर बोट ठेवून दाखवत होतो, ते म्हणत होते की जेवणावळ वाढली त्या दिवशी लग्न झालं, बाकी सगळी कारकुनी. मग आतेपर्यंत, मामापर्यंत गेलं. ‘बायको तिकडे एकटी आणि हा इथे तारखा मोजत बसलाय’ हे मी बाजारात दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं. ते मला लागलं, आणि अजूनही लागतं. बायकोला विचारायचं मात्र एकालाही सुचलं नाही. ती आणि मी फोनवर एका रात्रीत ठरवून मोकळे झालो होतो: दोन वर्षं होऊ द्यायची, आणि फिलाडेल्फियाला उतरायचं.

फिलाडेल्फिया का, तर हॅरिसबर्गहून ते गाडीने दोन तासांवर आहे. पुढचं विमान नाही. दोहाहून कतारचं विमान थेट तिथे जातं, आणि दोहाला जायला मुंबई गाठावी लागत नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे, कतारचं विमान २०२४ मध्ये दाबोळीच्या जुन्या विमानतळावरून मोपाला हललं. काकांच्या काळात परदेशी जायचं म्हणजे मुंबई, हे मला मान्य आहे. आता साखळीहून जेवून निघून मोपाला पोचता येतं आणि बॅगा एकदा दिल्या की थेट अमेरिकेत घ्यायच्या.

तिसरं कारण अधिकाऱ्याचं. जेएफकेला एका वेळी जगभरची विमानं उतरतात. फिलाडेल्फियाला लांबून येणारी त्या मानाने थोडी. माझ्या व्हिसावर सीआर-१ छापलेलं होतं आणि ते बदलून घ्यायला मला दोन वाक्यं शांतपणे बोलायची होती. खिडकीवर बोटांचे ठसे, फोटो झाला, मग बाजूच्या खोलीत बसवलं. इमिग्रंट व्हिसावर पहिल्यांदा येणाऱ्यांना तिथे बसवतात, घाबरू नका. नाव पुकारल्यावर मी विवाहाचा दाखला पुढे केला आणि म्हटलं की आज दोन वर्षं पूर्ण झालेली आहेत. अधिकाऱ्याने तारीख वाचली, शेजारच्याला विचारलं, परत वाचली, आणि सीआर-१ खोडून पेनाने आयआर-१ लिहिलं. शिक्का मारला. कार्ड दहा वर्षांचं आलं. बाहेर बायको उभी होती. कुणीही पोचवायला आलं नाही, आणि माझी कसलीही शोभा झाली नाही.

त्याच वर्षी माझ्यासारखंच लग्न झालेला ओळखीतला एक मुलगा घरच्यांच्या मुहूर्ताने दोन वर्षं पुरी व्हायच्या थोडं आधी गेला. आता तो आणि त्याची बायको भाड्याचे करार, बँकेचे कागद, एकत्र फोटो गोळा करत बसलेत. म्हणून सांगतो, ज्येष्ठांना नमस्कार करा, आशीर्वाद घ्या, तिकीट मात्र तुम्ही दोघांनी काढा. नवऱ्याकडे तुम्ही जाताय, नणंदेकडे नाही. नणंद चांगली असेल, माझा चुलतभाऊही चांगलाच आहे. पण एकटीने इतका लांबचा प्रवास करून बाहेर आल्यावर पहिलं तोंड नवऱ्याचं दिसावं, एवढा हक्क तुमचा आहे.

तुमचं कोलंबस. तिथे आपल्याकडून जाणारं लांबचं विमान उतरत नाही. शिकागोहून कोलंबस गाडीने सहा तासांच्या घरात, म्हणजे पुन्हा आतलं विमान आलं. जेएफके त्याहून वाईट. तुमच्या यादीत नाही ते डेट्रॉइट बघा. तिथून कोलंबस साडेतीन तासांच्या आसपास, नवरा सकाळी निघून तुम्हाला घेऊन रात्री घरी पोचेल. मुंबईहून फ्रँकफर्ट, पॅरिस किंवा ॲमस्टरडॅममार्गे जाता येतं. अमेरिकेचा वैध व्हिसा असला की तिथल्या विमानतळावर नुसतं विमान बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. फक्त सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. आतलं विमान घ्यावंच लागलं तर मध्ये चार तास तरी ठेवा, कारण अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर बॅगा उचलून कस्टममधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात.

अबू धाबीला अमेरिकेची तपासणी विमानात चढण्याआधीच होते, २०१४ पासून. तिथून उतरलात की देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडायचं, ही सोय खरीच मोठी. पण कागदात काही अडकलं तर तुम्ही अबू धाबीत अडकता आणि समोर विमानाची वेळ. बोलून काही बदलून घ्यायचं असेल तर मी तो मार्ग धरणार नाही.

ग्रीनकार्डाची फी २३५ डॉलर, ती निघण्याआधीच ऑनलाइन भरा, नाहीतर कार्ड छापत नाहीत. व्हिसासोबत वकिलातीने कागदांचं बंद पाकीट दिलं असेल तर फोडू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. आता बहुतेकांचे कागद संगणकावरूनच जातात आणि तसा शेरा व्हिसावर असतो. छातीच्या एक्स-रेची सीडी दिली असेल तर तीही हातात. सोलं, सुकी सुंगटं, लोणचं, काजू, जे असेल ते विचारल्यावर सांगून टाका. मानकुराद मात्र घरीच खा, ताजे आंबे नेऊ देत नाहीत. आणि नणंदेसाठी कुणी बांधून दिलेला खोका घेऊ नका. बॅग तुम्हीच भरली का असं विचारतात, तेव्हा हो म्हणता आलं पाहिजे. काकांनी मुलासाठी दिलेला डबा मी घेतला नव्हता, तोही राग अजून आहे.

हे सगळं इमिग्रंट व्हिसाचं. एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराच्या तात्पुरत्या व्हिसावर, जाणाऱ्यांना दोन वर्षांचा हिशेब लागू नाही. नवरा नागरिक नसून ग्रीनकार्डवाला असेल तर व्हिसाच्या वर्गाचं नाव वेगळं, दोन वर्षांचा नियम तोच. दोन्हींत व्हिसाची मुदत मात्र फार तर सहा महिने, कधी मेडिकलमुळे त्याहून कमी. तेव्हा दोन वर्षं त्या मुदतीत पुरी होत नसतील तर थांबण्यात अर्थ नाही, सरळ निघा. मी थांबलो कारण माझ्या सह्यांची तारीख त्यात बसत होती.

तुमच्या दाखल्यावर कुठली तारीख आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. नवऱ्याला आज फोन कराल तेव्हा तो दाखला समोर घेऊन बसा, आणि तिकीट त्यानंतर काढा.