नगरसेवकाच्या हातात पोलीस नाहीत, मग प्रभागातल्या मारामाऱ्या तो थांबवणार कशा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत सिटी कौन्सिल पोलिसांचं बजेट मंजूर करतं आणि तिथला सदस्य हिंसा रोखण्याची योजना घेऊन लोकांसमोर येतो, मग आपल्याकडचा नगरसेवक हात वर का करतो?

त्याच्या हातात पोलीस नाहीत हे खरंच आहे. ठाण्याचे किंवा नवी मुंबईचे पोलीस आयुक्त गृहखात्याला जबाबदार असतात, महापौरांना नाही. नगरसेवकाला एक शिपाई वाढवता येत नाही की गस्तीची वेळ बदलता येत नाही. पण हे कारण सांगून जे मोकळे होतात त्यांच्याबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. मारामारी, छेडछाड, मोबाइल हिसकावणं ज्या जागी होतं ती जागा बहुतेक वेळा महापालिकेचीच असते. नाल्याकडेची पायवाट, उद्यानाचं मागचं गेट, उड्डाणपुलाखाली उभ्या भंगार गाड्या, सार्वजनिक शौचालयामागचा बोळ, स्कायवॉकचा जिना. आणि रस्त्यावर दिवे लावणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ प्रमाणे महापालिकेचं बंधनकारक काम आहे, मेहेरबानी नाही.

इथे नेहमीचा वाद येतो: दिवे की कॅमेरे? नगरसेवकांना कॅमेरे आवडतात, कारण खांबावर नावाची पाटी लागते. मी दिव्यांच्या बाजूचा आहे, आणि का ते सविस्तर सांगतो.

कॅमेरा बसवताना ठेकेदार खर्च वाचवायला तो पथदिव्याच्याच खांबावर टांगतो आणि वीजही त्याच केबलवरून घेतो. पथदिव्यांची लाइन टायमरवर असते, संध्याकाळी चालू, पहाटे बंद. म्हणजे कॅमेरा दिवसभर मेलेला. मग कोणीतरी टायमर बायपास करतो, दिवे भर दुपारी जळतात, तक्रार होते, टायमर परत जोडला जातो आणि कॅमेरा पुन्हा मरतो. कॅमेऱ्याला चोवीस तासांची वेगळी लाइन आणि वेगळा मीटर लागतो. अंदाजपत्रकात तो नसेल तर उद्घाटनापुढे काही चालणार नाही.

पुढचा घोळ चित्राचा. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. अनोळखी चेहरा खात्रीने ओळखायचा तर दर मीटरला साधारण २५० पिक्सेल लागतात. म्हणजे जेमतेम साडेसात मीटर रुंदीचा पट्टा. तोच कॅमेरा २० मीटर रुंद चौकावर रोखलात तर दर मीटरला ९६ पिक्सेल उरतात. चार जण एकाला मारताहेत एवढं दिसतं, ते चार जण कोण ते नाही. त्यात रात्री समोरून हेडलाइट आला की सगळं पांढरं. साठवणुकीचा हिशोबही कोणी करत नाही: २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो, १६ कॅमेऱ्यांचं ३० दिवसांचं चित्रण ठेवायला १० टीबीहून जास्त जागा हवी. डिस्क ४ टीबीची बसवली की बारा दिवसांच्या आतच जुनं पुसलं जातं, आणि तपास अधिकारी पंधरा दिवसांनी मागायला येतो. आला तरी पासवर्ड ठेकेदाराकडे आणि रेकॉर्डरचं घड्याळ पुढे-मागे. शिवाय न्यायालयात फुटेज द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासकट.

आता दिवे. इथे नगरसेवकाला खरंच काम करता येतं आणि स्वस्तात. आयएस १९४४ (हा क्रमांक आहे, साल नव्हे) या जुन्या भारतीय मानकात गल्लीबोळांसाठी सरासरी ४ लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आणि त्याहून वर्दळीच्या दुय्यम रस्त्यांसाठी ८ लक्स धरले आहेत. त्याहून महत्त्वाची अट अशी की सगळ्यात अंधाऱ्या ठिकाणचा उजेड सरासरीच्या ०.३ पट तरी असला पाहिजे. आपल्याकडे बिघडतं ते इथेच: खांबाखाली लख्ख, दोन खांबांच्या मधे काळोख. एखादा जादा प्रखर दिवा लावला की मधला काळोख डोळ्यांना उलट गडद वाटतो.

रात्री दहानंतर कनिष्ठ अभियंत्याला बरोबर घेऊन चालायचं आणि खांबांचे नंबर टिपायचे. दर तिसरा दिवा बंद दिसला तर एक फेज गेली आहे, कारण खांब आळीपाळीने तीन फेजवर, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारांवर, जोडलेले असतात; तिथे दिवे बदलत बसण्यात अर्थ नाही. सगळी ओळ बंद असेल तर फीडर पिलरमधला, म्हणजे रस्त्याकडेच्या वीजपेटीतला, एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) किंवा टायमर पाहायचा. एकच दिवा लुकलुकत असेल तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडी दिव्याला वीज पुरवणारा भाग, पावसाळ्यात तो हमखास जातो. आणि दिवा जळतोय पण खाली अंधार, तर वर फांदी आहे. हे शेवटचं सगळ्यात जास्त रेंगाळतं. दिवा विद्युत विभागाचा, फांदी उद्यान विभागाची, छाटणीला परवानगी वृक्ष प्राधिकरणाची. दोन्ही विभागांच्या माणसांना एकाच रात्री एकाच खांबाखाली उभं करणं सामान्य नागरिकाला जमत नाही, नगरसेवकाला एका फोनवर जमतं.

आधी खांब कोणाचा ते मात्र बघा. नवी मुंबईत स्टेशनबाहेरचं आवार बऱ्याच ठिकाणी सिडकोचं, टीटीसी या औद्योगिक पट्ट्यातले कित्येक अंतर्गत रस्ते एमआयडीसीचे, आणि फलाटावरची तक्रार लोहमार्ग पोलिसांची. चुकीच्या दारी दिलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरतो.

उजेडाने फरक पडतो याला पुरावा आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या सरकारी वसाहतींत दिव्यांचे टॉवर लावून मोजणी झाली. रात्रीचे, उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. फिलाडेल्फियात उकिरडा झालेले मोकळे भूखंड नुसते साफ करून, हिरवळ आणि लाकडी कुंपण घातल्यावर गरीब वस्त्यांत बंदुकीचे प्रकार २९ टक्क्यांनी कमी झाले. तुम्ही अमेरिकेचा दाखला दिलात म्हणून सांगतो, तिथलीही उपयोगी पडलेली ही कामं खांब आणि कुंपणाचीच होती.

आता कडू भाग. नगरसेवक हिंसा वाढवतोही. पोलीस एखाद्या टोळक्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ किंवा १२९ खाली बंधपत्राची, म्हणजे नीट वागण्याची लेखी हमी घेण्याची, कारवाई करतात, नाहीतर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंत तडीपारीचा प्रस्ताव बनवतात. तेवढ्यात "आपलीच पोरं आहेत, सोडा" असा फोन जातो. पोरांना धडा मिळतो तो त्या फोनचा. दहीहंडीची चढाओढ, मंडपाची जागा, बांधकामाला रेती-विटा कोणी पुरवायच्या याची भांडणं सुरू होतात तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं नगरसेवकाच्या ओळखीची असतात. त्या वेळी त्याने दोघांना बोलावून बसवलं, तर शंभर कॅमेऱ्यांचं काम होतं. तो स्वतःच एका मंडळाचा आश्रयदाता असेल तर अर्थात काही होणार नाही.

एक-दोन गोष्टी राहिल्या. न्यूयॉर्कचे टॉवर आपल्या पथदिव्यांपेक्षा कितीतरी प्रखर होते, तेव्हा ३६ टक्के इथे जसेच्या तसे धरू नका. बारबाहेरची भांडणं भरपूर उजेडातच होतात, आणि घराच्या आतल्या मारहाणीपर्यंत कुठलाही खांब पोचत नाही. तिथे ११२ हा आपत्कालीन नंबर आणि १८१ ही महिला हेल्पलाइन. कॅमेरा अगदीच निरुपयोगी असतो असंही नाही, अरुंद प्रवेशरस्त्यावर नंबरप्लेटसाठी नीट कोन लावून बसवला तर तपासाला मदत होते.

आता तुम्ही काय करायचं? दोन्ही शहरांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, ठाण्यात ३३ प्रभागांतून १३१ आणि नवी मुंबईत २८ प्रभागांतून १११ जण. चार जणांत काम कोणाचंच नसतं, म्हणून एकच पत्र चौघांच्या नावे लिहा, प्रत प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांना द्या आणि पोचपावती घ्या. पत्रात "परिसरात असुरक्षित वाटते" असं लिहू नका. खांब क्रमांक, रात्रीची वेळ, फोटो आणि बिघाडाचा प्रकार लिहा. कॅमेऱ्यांचा प्रस्ताव आलाच तर वीज कुठल्या मीटरवरून घेणार, देखभालीचा करार किती वर्षांचा आणि पासवर्ड कोणाकडे राहणार हे लेखी मागा. उत्तर येईपर्यंत पाटीवरच्या नावांची चर्चा सुरू होऊ देऊ नका.