थंडीतली नवी रायफल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या क्लबात नवी पॉइंट टू टू रायफल आली आहे. पुण्यात बालेवाडीला ५० मीटरवर ग्रुप (टार्गेटवर गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) घट्ट येत होता. डिसेंबरात दिल्लीला तुघलकाबादच्या रेंजवर सकाळच्या आठ-नऊ अंशांत तोच ग्रुप खाली सरकला आणि उभा लांबला. रायफलच सदोष आली आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ग्रुप उभा लांबलाय, आडवा नाही. त्यामुळे रायफलीच्या आधी काडतुसावर संशय घ्या. गार काडतुसातली दारू सावकाश जळते आणि गोळीचा वेग पडतो. मॅचच्या काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर वेगाने निघते. त्यात पाच मीटरची घट झाली तरी ५० मीटरवर ती जवळजवळ चार मिलिमीटर खाली लागते. टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं आणि प्रत्येक कडी ८ मिलिमीटर रुंद, म्हणजे अर्ध्या कडीचा फरक झाला.

सगळ्या गोळ्या सारख्याच खाली गेल्या तर काही बिघडत नाही, साइट (नेम धरायचं साधन) दोन-चार क्लिक वर घेतली की झालं. पंचाईत होते ती काडतुसं कमी-जास्त गार असली की. एक खिशातून काढलेलं, दुसरं टेबलावर अर्धा तास पडलेलं, तिसरं नेम धरता धरता गरम चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) मिनिटभर राहिलेलं, अशा तिघांचे वेग तीन. डब्याच्या थर्मल पिशवीत काडतुसांची पेटी ठेवा आणि लागतील तेवढीच बाहेर काढा. हीटरजवळ मात्र ठेवू नका. नेम जमत नसेल तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडून काडतूस बाहेर काढलेलं बरं.

गोळीवरचं मेणही थंडीत घट्ट होतं. म्हणून नळी गार असताना पहिल्या पाच ते दहा गोळ्या हिशेबात धरू नका. थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरायचा; स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं तो प्रकार) पोझिशन बदलताना रायफल पुन्हा गार पडते. तिथेही सायटिंगच्या (गुणांत न धरता नेम बसवायच्या) दोन-तीन गोळ्या जास्त टाका.

आता रायफलीकडे या. नव्या रायफलीच्या बोल्टमध्ये कारखान्यातलं संरक्षक तेल भरपूर असतं. थंडीत ते दाटतं, फायरिंग पिन जड चालते आणि ठोका कधी कमी, कधी जास्त बसतो. त्याचाही परिणाम उभाच दिसतो. बोल्ट काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि पुस्तिकेत जिथे सांगितलंय तिथेच पातळ तेलाचा थेंब द्या. मग एकाच लॉटची (कारखान्यात एकाच खेपेत बनलेली) काडतुसं घेऊन दहा-दहाचे चार ग्रुप मारा. तेवढ्या वेळात स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू, बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग), ट्रिगर, कशालाही हात लावायचा नाही. नवी रायफल हातात आली की पाना फिरवायचा मोह होतो, पण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर दोष कुणाचा ते कधीच कळत नाही. चारही ग्रुप उभे आले तर लॉट बदलून पाहा. आडवे पसरले तर वाऱ्याची निशाणं बघा, मग साइटचा क्लॅम्प आणि स्टॉकचे स्क्रू तपासा. स्क्रूला किती टॉर्क द्यायचा ते पुस्तिकेत असतं, अंदाजाने आवळू नका.

प्रश्न : थंडीत चाप ओढला आणि काडतूस फुटलंच नाही, तर? (एक नेमबाज, सांगली)

उत्तर : नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. काडतुसाच्या कडेवरचा ठोका पाहा. तो उथळ असेल तर तेल किंवा स्प्रिंग कारण आहे, खोल असेल तर काडतूसच खराब. आवाज नेहमीसारखा न येता नुसता ‘फुस’ आला तर पुढची गोळी अजिबात भरू नका. रेंज ऑफिसरला सांगून रायफल रिकामी करा आणि नळीत गोळी अडकली आहे का ते बघून घ्या.

प्रश्न : एअर रायफलचा सिलिंडर रात्री २०० बारपर्यंत भरला होता, सकाळी रेंजवर काटा १८५ वर. गळती आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : बहुधा नाही. हवा गार झाली की दाब उतरतो. ३० अंशांना २०० बार असलेला सिलिंडर ८ अंशांना १८५ च्या आसपासच दिसणार. शिवाय भराभर भरताना सिलिंडर तापतो, तो निवला की काटा आणखी खाली येतो. रेग्युलेटर पुढचा दाब सांभाळतो, त्यामुळे १८५ वर खेळायला काहीच हरकत नाही. संशय असेल तर त्याच तापमानाला रात्रभर ठेवून पुन्हा बघा. तरीही काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून तोंडाशी बुडबुडे येतात का ते पाहा. तिथली ओ-रिंगच (हवा अडवणारं रबरी कडं) बहुतेक गुन्हेगार निघते.

गार सकाळी सिलिंडर काठोकाठ २०० भरून उन्हातल्या गाडीत ठेवू नका. ५० अंशांना दाब २३० बारच्या वर जातो. सिलिंडरवरची मुदतीची तारीखही वाचा. मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नाही.

प्रश्न : मुलगी ज्युनियर गटात खेळते. फार थंडी वाजते म्हणते. जॅकेटच्या आत स्वेटर चालेल का? (एक आई, नाशिक)

उत्तर : जाड स्वेटर नको. जॅकेटच्या आत घालायच्या कपड्यांना नियमात जाडीची मर्यादा आहे, २.५ मिलिमीटर. अंगालगत एक पातळ थर्मल पुरतं. पण सरावातही तेच घालायला सांगा, कारण त्यानेही बटप्लेट खांद्यावर वेगळी बसते. गार जॅकेट ताठ होतं आणि स्पर्धेच्या साहित्य-तपासणीत ताठरपणात अडकू शकतं. तपासणीआधी ते उबदार खोलीत ठेवा. ट्रिगरच्या हाताला दोन शॉट्सच्या मधे हॅन्डवॉर्मर द्या, बोट बधिर झालं की चापाच्या पहिल्या टप्प्याचा अंदाज चुकतो.

प्रश्न : रेंजवरून हॉटेलात आल्यावर नव्या रायफलीवर दव धरतं. पुसलं की झालं का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नुसतं बाहेरून पुसून भागत नाही, नळीच्या आतही ओल धरते. पेटी लगेच उघडू नका. बंद पेटी खोलीत दोन-तीन तास राहू द्या, रायफल खोलीच्या तापमानाला आली की मग काढा. नळीतून एक कोरडा पॅच (कापडाचा तुकडा) फिरवा, बोल्ट पुसा. साइटची काच तोंडाने फुंकून साफ करू नका, त्यावर धुकं धरतं. कोरडं मऊ फडकं वापरा.