नवा ग्रंथालय परिचर टिकावा म्हणून

प्रश्न : महाविद्यालयाच्या ग्रंथालयातले नवे परिचर चार-सहा महिन्यांत सोडून जातात. काय करावे?

उत्तर : पहिल्याच दिवशी त्यांना देवघेवीच्या काउंटरवर बसवू नका. रांग आणि दंडाच्या वादात नवखा माणूस बावरतो. पहिला आठवडा रोज तासभर, अनुभवी सहकाऱ्यासोबत, परत आलेली पुस्तके कपाटात लावू द्या. ड्यूई क्रमांकात, म्हणजे पुस्तकाच्या विषयानुसार दिलेल्या वर्गीकरण क्रमांकात, हमखास चुकतो तो दशांश : ३३०.१२ हे ३३०.९ च्या आधी येते, पण बारा मोठे समजून नंतर लावले जाते. मग पुस्तक असूनही सापडत नाही, आणि बोलणी परिचर खातो. त्यानंतर दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही) शिकवा, मग संगणकावरची देवघेव. लॉगिन मात्र प्रत्येकाला स्वतंत्र हवे, नाहीतर चूक कोणाची यावरून भांडणे होतात. कंत्राटी माणसाला मुदतवाढ महिनाभर आधी कळवा. टांगणीला लागलेला माणूस दुसरीकडे अर्ज करणारच.