हॉटेलातल्या बेल्जियन फूड-बिअर टेस्टिंगला जावं का? मला तर बिअर कडूच लागते

जरूर जा. पुण्यातल्या हॉटेलात बेल्जियन पदार्थ आणि बिअर चाखायची संध्याकाळ आहे, तुम्ही आजवर फक्त साधी लागर, म्हणजे नेहमीची फिकट सोनेरी बिअर प्यायला आहात, ती कडू लागते, मग एवढे पैसे घालवावेत का, असं तुम्ही विचारलंय. काही वर्षांपूर्वी मी हाच प्रश्न घेऊन मुंबईतल्या एका हॉटेलात अशा कार्यक्रमाला गेले होते. दादाकडे दोन पास होते, वहिनीला बरं नव्हतं, म्हणून ऐनवेळी मी गेले. त्या रात्रीपासून बिअर म्हणजे कडू पाणी हे माझ्या डोक्यातून कायमचं गेलं.

पहिला ग्लास आला तो ढगाळ, फिकट पिवळा, जवळजवळ ताकाच्या निवळीसारखा. नाकाशी नेला आणि मी दादाला म्हटलं, "अरे, यात धने आहेत." खरंच होते. ही विटबिअर, म्हणजे गव्हाची बिअर. हिच्यात धने आणि कडवट संत्र्याची वाळवलेली साल घालतात. बेल्जियमच्या हूगार्डन गावात ही शतकानुशतकं बनायची. १९५७ मध्ये तिथला शेवटचा कारखाना बंद पडला, आणि पुढच्या दशकात पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली. तरुणपणी त्याने त्या जुन्या कारखान्यात हाताखाली काम केलं होतं, तेवढ्या शिदोरीवर! आज जगभर जी विटबिअर मिळते तिचं श्रेय बरंचसं त्या माणसाला जातं. तुमच्या कार्यक्रमात सुरुवात बहुतेक हिनेच होईल. कडवटपणा नावापुरता असतो, तेव्हा घाबरू नका.

तिच्याबरोबर मसल्स होते, गोव्याकडे ज्यांना शिनाणे म्हणतात ते. कांदा आणि सेलरी घालून नुसते वाफवलेले. बेल्जियन लोक पहिला शिंपला काट्याने खातात आणि त्याच रिकाम्या शिंपल्याचा चिमटा करून बाकीचे उपसतात. मी वसईची, तिसऱ्या खात वाढले, त्यामुळे हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. एक शिंपला, मग बिअरचा एक घोट, असं चाललं होतं. तेव्हा कळलं की ही बिअर जेवणाच्या शेजारी ठेवायची वस्तू नाही, ती जेवणाचाच भाग आहे. आपण माशाच्या ताटात सोलकढी घेतो तशी.

पण पुढचा ग्लास आला आणि माझा हिरमोड झाला. वेस्टमाल डुबेल, ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठातली गडद तपकिरी बिअर, ७ टक्के अल्कोहोल. हॉटेलने ती बर्फाच्या बादलीतून थेट ओतली होती. चवच नाही! थंड, किंचित गोड, बस. शेफ बेल्जियन होता, तो आमच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, ग्लास दोन्ही हातांत धरून बसा, दहा मिनिटं पिऊ नका. तसंच केलं. मग एकेक चव वर यायला लागली. आधी मनुका, मग खजूर, मग गूळ करपताना येतो तसा वास. तुम्हाला या उत्तरातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: गडद बेल्जियन बिअर दहा-बारा अंशांवर प्यायची असते, फ्रीजमधून काढल्या काढल्या नाही. आपल्याकडची हॉटेलं सवयीने सगळंच गारठवून देतात. स्पष्ट सांगा, माझा ग्लास आधी ओतून ठेवा.

डुबेलचा तो रंग आणि ती चव बरीचशी साखरेची असते. 'कँडी शुगर' म्हणतात तिला, आपल्या खडीसाखरेची बहीणच. गडद बिअरसाठी तिचा करपवलेला पाक वापरतात. या 'कँडी' शब्दाचा माग काढत गेलं तर फ्रेंच, अरबी, फारसी असं करत आपण संस्कृत 'खण्ड'पाशी पोचतो, म्हणजे आपल्या खांडसरीपाशी. हे नंतर वाचलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता.

त्या डुबेलबरोबर होतं स्टूफव्लेस, म्हणजे बिअरमध्ये शिजवलेला मांसाचा रस्सा. मुळात हे बीफचं, इथे मटणाचं केलं होतं. भरपूर कांदा मंद आचेवर तांबूस करायचा, मांस परतायचं, वर गडद बिअर ओतायची आणि तासन्‌तास शिजू द्यायचं. खरी गंमत पुढे आहे. ब्रेडच्या स्लाइसला मोहरीची पेस्ट जाडसर फासून ती स्लाइस रश्श्यावर ठेवून देतात. ती हळूहळू विरघळते, रस दाट होतो आणि मोहरीचा झणका आत उतरतो. आपण वाटण लावतो त्याच हिशोबाने. मी घरी येऊन हे साध्या लागरमध्ये करून पाहिलं आणि अख्खं पातेलं कडू झालं. कारण सोपं आहे: बिअर आटली की तिचा हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा कडवटपणाही आटून दाट होतो, म्हणून कमी कडवट, माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) गोडी असलेली बिअरच लागते.

ट्रॅपिस्टबद्दल थोडं सांगते, कारण तिथे हा शब्द सारखा कानावर पडेल. हा बिअरचा प्रकार नाही, ती कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली बनते याची खूण आहे. मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली बनलेली आणि जिचा पैसा मठाच्या खर्चाला आणि दानधर्माला जातो तीच ट्रॅपिस्ट. बेल्जियममध्ये असे पाच मठ आहेत: वेस्टमाल, वेस्टव्लेटेरेन, शिमे, ऑरव्हाल आणि रोशफोर. महाराष्ट्राच्या साधारण दहाव्या भागाएवढा हा देश, आणि त्याची बिअरसंस्कृती २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

आता सावधगिरी. ड्यूव्हेल नावाची सोनेरी, भरपूर फेसाची बिअर येईल. दिसायला अगदी साध्या लागरसारखी, प्यायला हलकी, आणि अल्कोहोल ८.५ टक्के. नावाचा अर्थच 'सैतान'. तिथल्या बिअर इतक्या कडक असण्याचं एक कारण १९१९ चा कायदा असं सांगतात. त्या कायद्याने कॅफेंमध्ये जिनसारखी कडक दारू पाजायला बंदी केली आणि लोक जोरदार बिअरकडे वळले. तेव्हा दोघांत एक ग्लास घ्या, आणि गाडी घरी ठेवून जा.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले ते, ग्यूझ. शॅम्पेनसारखं बूच असलेली बाटली सगळ्यात शेवटी उघडली. आजूबाजूच्या टेबलांवर लोकांनी तोंडं वाकडी केली, अर्धे ग्लास तसेच राहिले. करकरीत आंबट, कैरीची आणि सफरचंदाच्या सालीची चव, खाली ओल्या गोठ्यासारखा वास. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आजोबांचं अंगण आलं. आमच्याकडे पहाटे ताडी उतरायची. तेव्हा ती गोड, उन्हं चढली की आंबट आणि चढणारी. तिच्यात कुणी खमीर घालत नाही. मडक्यातलं, हवेतलं जे असतं तेच काम करतं. ग्यूझ ज्या लँबिक नावाच्या बिअरपासून बनते तिचंही तंतोतंत हेच.

पुढे ब्रसेल्सला जायचा योग आला तेव्हा अँडरलेख्त भागातला काँतियाँ नावाचा लँबिकचा कारखाना पाहिला, १९०० सालापासूनचा. माळ्यावर तांब्याचं पसरट, उथळ भांडं आहे. धान्याचा उकळलेला काढा रात्रभर त्यात उघडा ठेवतात, आणि बाहेरची हवा आत येऊन त्याला विरजण लावते. हे फक्त थंडीच्या महिन्यांत करता येतं, कारण उन्हाळ्यात हवेत नको ते जंतू फार. मग लाकडी पिंपं, आणि एक, दोन, तीन वर्षांच्या लँबिक एकत्र करून ग्यूझ. तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे: यात हॉप्स मुद्दाम जुने, वर्षानुवर्षं ठेवलेले वापरतात, म्हणजे ते टिकाऊपणा देतात पण कडवटपणा फारसा देत नाहीत. ज्याला कडू नको आहे आणि ताक, कोकम, कैरी आवडते, त्याच्यासाठी ग्यूझ आहे. पहिल्या घोटाला निर्णय घेऊ नका, तिसऱ्यापर्यंत थांबा.

तुम्ही शाकाहारी असाल तर तिथले फ्राइज कशात तळलेत ते विचारा. आधी मंद आणि मग कडक अशा दोन तळणींमुळे ते सुरेख होतात, पण बेल्जियममध्ये पारंपरिक पद्धतीने ते बीफच्या चरबीत तळतात. वॉफल आणि चॉकलेट असेलच, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. फक्त चॉकलेटबरोबर क्रीक मिळाली तर सोडू नका, ती आंबट चेरी मुरवलेली लँबिक.

बाटलीच्या तळाला गाळ असतो, तो खमिराचा. ओतणारा शेवटचं बोटभर बाटलीतच ठेवेल, त्याला चुकारपणा समजू नका. मला तो गाळ वेगळा छोट्या ग्लासात मागून घ्यायला आवडतो. जाण्याआधी हॉटेलकडून बिअरची यादी मागवा आणि इथे खाली लिहा. कशाबरोबर काय खायचं ते मी सांगते.